आधी सॉकेट, मग गाडी

वाचक लिहितात: "ताई, आम्ही धायरीला राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं. २०१२ ची डिझेल स्विफ्ट आहे, ती आता दर दोन महिन्यांनी गॅरेज गाठते. गाडी रोज मीच चालवते, मगरपट्ट्याला ऑफिसला. जाऊन-येऊन ३६ किलोमीटर. मिस्टर बाइकने जातात. गाव गुहागरजवळ, एका बाजूने २७० किलोमीटर. गणपती, शिमगा, मे महिना आणि घराच्या कामाच्या दोन खेपा धरून वर्षातून पाचदा जाणं होतं. बजेट सगळं मिळून अठरा-एकोणीस लाख, त्यातलं अर्धं कर्ज. भाऊजी म्हणतात हायब्रिड घ्या, डोक्याला ताप नको. मुलगा नववीत आहे, तो इलेक्ट्रिकवर अडून बसलाय. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, 'एकाला चार्जिंग दिलं की सगळे मागतील.' सासूबाईंना दमा आहे. रात्री दोन वाजता त्यांना हॉस्पिटलला न्यायची वेळ आली आणि गाडीत चार्ज नसला तर? या एका विचारापाशी मी अडून राहिले आहे."

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरात भाऊजी एकीकडे आणि मुलगा दुसरीकडे, असं चित्र तुम्ही काढलंय, पण मला त्या दोघांत फारसं भांडण दिसत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. तुमचा निर्णय खरं तर तिसऱ्याच माणसाकडे अडलाय, तो म्हणजे सेक्रेटरी. तुमची गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे एक साधा १५ अँपियरचा पॉइंट मिळाला, तर माझं उत्तर सरळ आहे: इलेक्ट्रिक घ्या. नाही मिळाला तर हायब्रिड घ्या आणि मुलाची समजूत काढा. शोरूमची पायरी त्याआधी चढू नका. तुमच्या घरावरून सिंहगड दिसतो, तेव्हा तुम्हाला वेगळं सांगायला नको. आधी लगीन कोंढाण्याचं.

हे मी नुसतं ऐकून लिहीत नाही. आमच्याकडे २०२१ पासून तीस युनिट बॅटरीची इलेक्ट्रिक आहे, आणि नाशिकला माझ्या भावाकडे तीन वर्षांपासून हायब्रिड. दोन्ही मी भरपूर चालवल्या आहेत, दोन्हींचं कौतुक आहे आणि दोन्हींनी मला कधी ना कधी घाम फोडलाय.

आधी 'हायब्रिड' या शब्दाबद्दल, कारण इथे फसगत होते. शोरूममध्ये हा शब्द दोन अगदी वेगळ्या गाड्यांना लावतात. एक माइल्ड हायब्रिड. तिच्यात छोटी मोटर इंजिनाला हात देते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते, पण नुसत्या बॅटरीवर गाडी एक फूटही पुढे जात नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या वरच्या मॉडेलमध्ये, होंडा सिटीच्या हायब्रिडमध्ये, इनोव्हा हायक्रॉसमध्ये मिळते ती. तिची मोटर कमी वेगात एकटी गाडी ओढते. भाऊजींच्या मनात आहे ती हीच, आणि पैसे मोजायचे तर हिच्यासाठीच मोजायचे. एकाच नावाच्या गाडीत दोन्ही प्रकार मिळतात, त्यामुळे कोटेशनवर 'स्ट्राँग हायब्रिड' हे शब्द लिहून घ्या. तुमच्या बजेटला ती काठावर बसते.

तुमच्या रोजच्या वाटेवर ही गाडी सोनं आहे, हे मी मान्य करते. नवले पुलाखाली तुम्ही वीस मिनिटं इंच-इंच सरकता तेव्हा साधी पेट्रोल गाडी फुकट जळत असते. हायब्रिडचं इंजिन त्या वेळी बहुतेक झोपलेलं असतं, ब्रेक दाबला की थोडी वीज परत बॅटरीत जाते, आणि तेवढ्यावर गाडी पुढच्या गाडीपर्यंत सरकते. भावाच्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा सिग्नलला मला वाटलं गाडी बंद पडली. पण एक लक्षात ठेवा. ग्रँड विटारासारख्या हायब्रिडची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची असते. तुम्हाला हवी तशा इलेक्ट्रिक गाडीत चाळीस-पंचेचाळीस युनिटांची. हायब्रिडमध्ये बॅटरी ही साठवण नाही, ती सुटे पैसे ठेवायचा बटवा आहे. आत येणारा पैसा सगळा पेट्रोल पंपावरूनच येतो. कंपनी २७.९७ चा ॲव्हरेज सांगते, भावाला शहर आणि हायवे मिळून वीस-एकवीस मिळतो. वाईट मुळीच नाही.

आता हिशेब. तुमचं शहरातलं फिरणं महिन्याला साधारण अकराशे किलोमीटर, म्हणजे वर्षाला तेरा हजार. गावच्या पाच खेपांचे तीन हजार धरू. एकूण सोळा हजार. हायब्रिडला वीसचा ॲव्हरेज आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर ८०० लिटर, ८३,२०० रुपये. इलेक्ट्रिकला शहरात मीटरवरच्या एका युनिटाला साडेसहा किलोमीटर धरू. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, ती यात आली. तेरा हजार किलोमीटरला २,००० युनिटं, आणि दर बारा रुपये धरला, म्हणजे २४,००० रुपये. गावचे तीन हजार किलोमीटर सगळे बाहेरच्या फास्ट चार्जरवर, युनिटाला २२ रुपये, ५०० युनिटं, ११,०००. बेरीज ३५,०००. वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांचा फरक. सर्व्हिसिंगमध्ये ऑइल, फिल्टर, प्लग यांचं जे वाचतं ते मी यात धरलेलं नाही. इलेक्ट्रिकचे टायर मात्र वजनामुळे लवकर झिजतात, तो खर्च समोर ठेवा.

घरात चार्जिंग नसेल तर काय होतं, तेही मांडते. सगळं चार्जिंग बाहेर केलं तरी वर्षाला पंचावन्न हजारांच्या आसपास पडेल, म्हणजे हायब्रिडपेक्षा स्वस्तच. पण दर आठवड्याला एकदा-दोनदा, ऑफिसहून सुटल्यावर, कुठल्यातरी मॉलच्या तळघरात पाऊण तास बसायचं. तेही दोन मुलं आणि दमेकरी सासूबाई घरी वाट पाहत असताना. वर्षाचे तीस हजार वाचवायला मी तुम्हाला ते करायला सांगणार नाही.

खरेदीच्या वेळचा फरक वेगळा. इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के. पेट्रोल हायब्रिड चार मीटरहून लांब किंवा इंजिन १२०० सीसीच्या वर असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. शिवाय महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स आहे. सोळा लाखांच्या गाडीला एक लाख ब्याण्णव हजार नुसते आरटीओचे. इलेक्ट्रिकला तो माफ आहे. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट, हायब्रिडला साडेसात. आणि कोणी सांगितलं की इलेक्ट्रिकच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकर सवलत मिळते, तर हात जोडा. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. टोलमाफीचंही तसंच. राज्याच्या २०२५ च्या धोरणात ती मुंबई-पुणे एक्सप्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर आहे. तुमच्या वाटेवरच्या खेड शिवापूर आणि आनेवाडीला पैसे द्यावेच लागतील.

आता तुमच्या खऱ्या काळजीकडे येते. रात्रीचे दोन, सासूबाईंना धाप लागली आहे.

माझे वडील शेवटची दोन वर्षं आजारी होते. त्या काळात आमच्याकडे पेट्रोलची गाडी होती, आणि एकदा अशाच अपरात्री खाली गेले तर काटा लाल रेघेवर. आदल्या दिवशी "उद्या भरू" म्हणून सोडलेलं. हॉस्पिटलपर्यंत पोचलो, पण ते दहा किलोमीटर मी रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होते. इलेक्ट्रिक आल्यापासून तो प्रसंग आमच्याकडे येऊ शकत नाही, कारण गाडी रोज रात्री घरीच पोटभर जेवते. तुमची रोजची गरज ३६ किलोमीटर, म्हणजे सहा युनिटांच्या आत. साध्या १५ अँपियरच्या पॉइंटवर दोन तासांचं काम. रात्री दहाला प्लग लावला तर बाराला दिवसभराची भर झालेली असते, आणि गाडी तुम्ही सकाळी आठला काढता. प्लग लावायला विसरलात तरी आदल्या दिवशीचा चार्ज दोन-चार दिवस पुरतो. एक नियम मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा: घरी आलेली गाडी चाळीस टक्क्यांच्या खाली झोपवायची नाही. पंचेचाळीस युनिटांच्या गाडीत चाळीस टक्के म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. धायरीहून पुण्यातलं कुठलंही हॉस्पिटल त्यात दोनदा होतं.

आणखी एक गोष्ट, जी मी तुमच्या जागी असते तर गाडी ठरवताना सगळ्यात वर ठेवली असती. हल्लीच्या काही इलेक्ट्रिक गाड्यांतून बाहेर वीज काढता येते. नेक्सॉनच्या इलेक्ट्रिकमध्ये ती सोय २०२३ पासून आहे. गावी पावसाळ्यात वीज गेली की रात्रभर येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. सासूबाईंचं नेब्युलायझर काही फार वीज खात नाही. अंगणातल्या गाडीवर ते रात्रभर चालेल, दोन पंखे आणि दिवेही चालतील, आणि सकाळी टक्केवारी फार हललेली नसेल. ही सोय निवडलेल्या मॉडेलमध्ये आहे का आणि तिचा ॲडॉप्टर सोबत मिळतो की वेगळा घ्यावा लागतो, एवढं विचारा.

गावच्या प्रवासाचं. कंपनीच्या कागदावर पंचेचाळीस युनिटांच्या गाडीला साडेचारशेच्या पुढचे आकडे असतात. ते विसरा. चार माणसं, एसी, नव्वदचा वेग, असं धरलं तर हायवेला अडीचशे ते पावणेतीनशे. इलेक्ट्रिक गाडी शहरात जास्त पल्ला देते आणि हायवेला कमी, आपल्या सवयीच्या अगदी उलट. म्हणजे गुहागर एका दमात नाही. उंब्रजला वळण्याआधी साताऱ्याच्या आसपास अर्धा-पाऊण तास थांबायचं. सासूबाई आणि मुलं असताना तुम्ही तसंही थांबताच. ऐंशी टक्क्यांपर्यंत चार्जिंग भराभर होतं, पुढे ते रेंगाळतं. ऐंशीला निघायचं.

घाटाची भीती घालणारे बरेच भेटतील. खरं काय ते सांगते. कुंभार्ली घाटात तुम्ही सहाशे मीटरच्या आसपास खाली उतरता. माणसं आणि सामानासकट एकोणीसशे किलोची गाडी तेवढी वर चढवायला साधारण तीन युनिटं जास्तीची लागतात, म्हणजे वीसेक किलोमीटरचा पल्ला. परतताना एवढीच ती किंमत. उतरताना त्यातलं बरंचसं परत मिळतं. आम्ही राजापूरकडे अणुस्कुरा घाटाने उतरतो. घाटमाथ्यावर ४६ टक्के आणि खाली येईपर्यंत ४९, हे मी स्वतः पाहिलंय, आणि ब्रेकला पाय जवळजवळ लावावा लागला नाही. हायब्रिडमध्ये इथे उलटं होतं. पाऊण युनिटाची बॅटरी घाटाच्या पहिल्या काही वळणांतच भरते, मग गाडी इंजिनाच्या ब्रेकवर येते आणि इंजिन मोठ्याने ओरडायला लागतं. त्यात बिघाड काही नसतो, पण पहिल्यांदा ऐकताना छातीत धस्स होतं.

भीती घाटाची नको, चार्जरची ठेवा. २०२३ च्या गणपतीत कराडच्या पुढच्या एका हॉटेलातला चार्जर ॲपवर चालू दाखवत होता. तिथे पोचलो तर स्क्रीन काळी, आणि हॉटेलवाल्याला त्याचं काहीच माहीत नाही. गाडीत १४ टक्के. एसी बंद केला, वेग साठवर आणला आणि मागे फिरून आठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या चार्जरपाशी ११ टक्क्यांवर पोचलो. तिथे आमच्यापुढे दोन गाड्या. मुलांनी गाडीतच मोदक संपवले आणि आम्ही गावी आरती झाल्यावर पोचलो. त्या दिवसापासून मी तीस टक्क्यांवर चार्जर गाठायला निघते, आणि एकाच्या जवळपास दुसरा असेल अशाच ठिकाणी थांबते. गणपतीच्या आदल्या दिवशी निघायचं असेल तर दीड तास जास्तीचा धरा किंवा पहाटे तीनला निघा. या एका बाबतीत भाऊजींची गाडी तुमच्या गाडीला शंभर टक्के हरवेल. वर्षातल्या दहा प्रवासांत ती जिंकेल, उरलेल्या साडेतीनशे दिवसांत हरेल. मी त्या साडेतीनशे दिवसांच्या बाजूने आहे, पण मान्य करून.

गावच्या घरी चार्ज करायचं तर अर्थिंग बघावं लागेल, आणि हे कोणीच आधी सांगत नाही. आमच्या पहिल्या खेपेला पडवीतल्या बोर्डाला चार्जर लावला तर त्याचा लाल दिवा पेटला आणि गाडीने वीज घ्यायला साफ नकार दिला. अर्थिंग नीट नसेल तर गाडी हट्टाने चार्ज होत नाही, आणि तो हट्ट आपल्या भल्याचा असतो. जुन्या कोकणी घरांत तिसरी पिन बहुतेक शोभेला असते. वायरमनला बोलावून विहिरीजवळ खड्डा घेतला, पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ थरांनी भरलं. पावसाळा छान गेला. मे महिन्यात पुन्हा लाल दिवा! जांभा उन्हात वाळून खडखडीत झाला की वीज जमिनीत उतरू देत नाही. सासरे उठले, त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, आणि पाच मिनिटांत दिवा हिरवा. आता मे महिन्यात रोज संध्याकाळी झाडांना पाणी घालताना एक बादली तिथेही जाते. आणि काही झालं तरी एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावू नका. तीन किलोवॉट दहा तास ओढले गेले की ढिली पिन तापते, प्लास्टिक तपकिरी होतं, पुढचं सांगायला नको.

आता सेक्रेटरी. त्यांच्या "सगळे मागतील" या वाक्यात तीन भीती आहेत: लोड, आग आणि पैसे कोणाचे. तीनही खऱ्या आहेत, म्हणून चिडून जाऊ नका, कागद घेऊन जा. पैशांचं सोपं आहे. वायर तुमच्याच मीटरवरून तुमच्या पार्किंगपर्यंत येणार, बिल तुमच्या नावावर, सोसायटीचा एक रुपया नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे की गाडीमालकाला घरच्या असलेल्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. ती प्रत अर्जाला जोडा. लोडचं असं सांगा: गाडीचा साधा चार्जर सव्वातीन किलोवॉट ओढतो, म्हणजे बाथरूममधल्या एका इन्स्टंट गिझरएवढं. सकाळी सात वाजता तुमच्या इमारतीत किती गिझर एकाच वेळी लागतात? गाडी तर रात्री दहानंतर चार्ज होणार. सात किलोवॉटचा मोठा चार्जर मागूच नका. तुमच्या ३६ किलोमीटरला त्याची गरज नाही, आणि भांडण तिथेच सुरू होतं. आगीसाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून एका पानाचा नकाशा काढून घ्या: चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, पाइपातून, मीटरपाशी आणि पार्किंगपाशी वेगळे एमसीबी, शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी, धातूच्या पेटीतलं सॉकेट, वर कुलूप. सॉकेट जमिनीपासून चांगलं चार फूट वर. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पुराचं पाणी शिरून पार्किंगमध्ये काय झालं ते तुम्ही जवळून पाहिलंय.

अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि एकट्या देऊ नका. तीस फ्लॅटच्या सोसायटीतही दोन-तीन जण याच विचारात असतात. आमच्याकडे मी तोंडी सात महिने विनवण्या केल्या. मग तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका माझ्याबरोबर सही करायला तयार झाले, त्यांना इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची होती. दोन सह्यांचा अर्ज पुढच्याच मीटिंगमध्ये मंजूर झाला. वीजबिलाचं म्हणाल, तर महिन्याला दीडशे-पावणेदोनशे युनिटं वाढतील आणि तुम्ही तीनशेच्या वरच्या स्लॅबमध्ये जाल, पण वरचा दर वरच्याच युनिटांना लागतो. गाडीसाठी महावितरणकडून वेगळं मीटरही मागता येतं. वर्षभर बिलं बघून मग तो विचार करा.

बॅटरीबद्दल भाऊजी म्हणाले असतील, "आठ वर्षांनी गाडी भंगार." बहुतेक कंपन्या बॅटरीला निदान आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देतात, हायब्रिडलाही साधारण तेवढीच. तुमचे आठ वर्षांचे किलोमीटर होतात एक लाख अठ्ठावीस हजार. हमीत क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून देणार, तो आकडा लेखी घ्या. आमची चार वर्षांची गाडी आता भरल्यावर पूर्वीपेक्षा दहा-बारा किलोमीटर कमी दाखवते, एवढंच. जुन्या इलेक्ट्रिकला बाजारात भाव कमी मिळतो, हे मात्र खरं आहे. तुम्ही स्विफ्ट तेरा-चौदा वर्षं वापरलीत. तुमच्यासारख्या घराला विकतानाच्या भावाची चिंता कमी असावी. दर चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला मी हायब्रिडच सांगितली असती.

टेस्ट ड्राइव्हला एकट्या जाऊ नका. सासूबाईंना बरोबर न्या आणि मागच्या सीटवर पंधरा मिनिटं बसवा. पेट्रोल गाडीवरूनच बेतलेल्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी पायाखाली असल्यामुळे मागचा तळ उंच होतो, गुडघे वर येतात आणि मांडीला आधार राहत नाही. पावणेतीनशे किलोमीटरला ते म्हाताऱ्या माणसाला जाचतं. पुढच्या सीटवर त्यांना बरं वाटतं का तेही बघा. आणि हायब्रिड बघायला गेलात तर डिकी उघडायला लावा. कारण काही मॉडेलमध्ये बॅटरी डिकीच्या तळाशी असते आणि जागा बरीच खाते. गावाहून येताना तांदळाचं पोतं, नारळ आणि वर एखादा फणस यायचा असतो, तो कुठे ठेवणार?

मुलगा प्रदूषणाचं म्हणतो, ते त्याला वाटतं तितकं सोपं नाही. आपली वीज अजून मोठ्या प्रमाणात चंद्रपूर, कोराडीच्या कोळशातून येते. पण पार्किंगमध्ये, शाळेच्या दारात, सासूबाईंच्या खिडकीखाली धूर निघत नाही, हे त्याचं म्हणणं खरं आहे, आणि दम्याच्या घरात ते हलकं नाही.

तुमच्या स्विफ्टची पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतात. म्हणजे घाई नाही, आणि घाई नसणं हीच तुमची ताकद आहे. सोसायटीला तीन महिने द्या. त्यात पॉइंट मिळाला नाही, आणि ऑफिसच्या पार्किंगमध्येही चार्जिंग नसलं (तिथे विचारलंत का? मगरपट्ट्याला विचारून बघण्यासारखं आहे), तर मनात काही न ठेवता स्ट्राँग हायब्रिड घ्या. ती उत्तम गाडी आहे, सासूबाईंना रात्री दोनला ती तेवढ्याच खात्रीने नेईल, टाकी पावच्या खाली जाऊ दिली नाहीत की झालं.

अर्ज मात्र याच आठवड्यात द्या. आणि शिमग्याला गावी जाल तेव्हा पालखी घरी येऊन गेली की वायरमनला बोलावून विहिरीजवळची जागा दाखवून ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर खड्डा घ्यायला कोणी येत नाही.